वडशातला समुद्र

जी वस्तू देवाने जिथे ठेवली तिथे ती राहू द्यायची नाही, असा आमच्या वडशाच्या घरमालकांनी जन्मभराचा पणच केला होता. नारळ समुद्रकाठी येतो, म्हणून त्यांनी तो आपल्या धानाच्या गिरणीमागे लावला आणि त्याच्या मुळाशी रोज मूठभर मीठ घातलं. झाड पुरुषभर उंच झालं आणि तिथेच थांबलं. नारळ त्याला एकही धरला नाही, तरी त्याच्या जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला ते न चुकता बजावत, "डोकं सांभाळा जी, नारळ पडन!" एकदा ऐन वैशाखात, गावाला बर्फ दाखवायचा म्हणून त्यांनी नागपूरहून बर्फाची लादी धानाच्या तुसात गुंडाळून छोट्या गाडीने आणवली होती. सारं गाव स्टेशनवर जमलं. पोतं उघडलं तेव्हा आत नुसतं ओलं तूस. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून घरी गेला असता. घरमालकांनी ते तूस मुठीत घेतलं आणि एकेकाच्या गालाला लावत फिरले. "थंडं आहे का नाई? आहे ना? मंग! हाच तो बर्फ." लोकांनीही 'हाव जी, लयच थंडा' म्हणून मान्य केलं, कारण त्या दिवसांत वडशात घरमालकांना नाही म्हणणं आणि गिरणीच्या पट्ट्यात धोतर घालणं, दोन्ही सारखंच मानलं जाई.

मी वडशाच्या शाळेत सायन्सचा मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गाव त्यांना भाऊ म्हणे आणि त्यांच्या पत्नीला बाई. मीही तेच म्हणू लागलो. भाऊ आडवे, गोरे, कानावर केसांचे झुबके असलेले. जन्म गिरणीच्या खडखडाटात गेल्यामुळे गुपितसुद्धा चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. बाई लहानखुऱ्या, कडक सोवळ्याच्या. गळ्यात तुळशीची माळ. चातुर्मासात त्या घरात कांद्याचं नावही काढायची सोय नव्हती, आणि लोणच्याच्या बरणीवर परक्याची सावली पडली तर बाई तिच्याकडे आठ दिवस संशयाने बघत. असं हे जोडपं. मूलबाळ नव्हतं. घर मोठं, बैठक त्याहून मोठी, आणि भाऊंना रिकामी जागा म्हणून कधी सहन होत नसे.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या वर्षीची ही गोष्ट. कोणाला आनंद झाला, कोणाला राग आला. भाऊंनी त्यातून भलताच अर्थ काढला. ओट्यावर पेपर वाचता वाचता त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, आता मुंबई आपली झाली का नाई?"

"झाली म्हणायची."

"मंग तिथचा समुद्र?"

"तोही आपलाच."

"अस्सं! मंग आपला हिस्सा इथी काऊन नाई?"

मी हसलो. तिथे मी चुकलो. भाऊंच्या एखाद्या बोलण्यावर कोणी हसलं की ते बोलणं लगेच बेत होऊन बसे. पुढच्याच महिन्यात ते गिरणीच्या इंजिनाचा एक भाग आणायला मुंबईला गेले आणि तो भाग तिथेच विसरून परत आले. त्याऐवजी त्यांच्याबरोबर होते तेलाचे रिकामे डबे भरभरून समुद्राचं पाणी, पोतंभर वाळू, काही शंख आणि झाकणाला भोकं पाडलेला दुधाचा एक मोठा कॅन. गोंदियाला गाडी बदलताना पार्सलबाबूने त्यांना अडवलं होतं. तो प्रसंग भाऊ इतक्या वेळा सांगत की आम्हा सगळ्यांचा तो पाठ झाला.

"डिब्बे में क्या है?" बाबूने विचारलं.

"समुद्र."

"क्या?"

"समुद्र, बाबूजी. बंबई का. हमारा हिस्सा है."

बाबूने बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं, आपल्या दरपत्रकात समुद्र शोधला, तो सापडेना, तेव्हा 'लोणच्याचं पाणी' म्हणून पावती फाडून दिली. वडशाला समुद्र आला तो असा, लोणच्याच्या नावावर.

पेटी आधीच तयार होती. आलापल्लीच्या सागवानाची चौकट, नागपूरची जाड काच, सांध्यांना लांबी. बैठकीत, जिथे दुसऱ्याच्या घरी लोड-तक्के असतात तिथे, ती एका भक्कम चौथऱ्यावर बसवली. कॅनमधून मासे त्यात सोडताना सारं गाव खिडक्यांना लटकलं होतं. निघताना रंगीबेरंगी मासे पुष्कळ होते म्हणे. वाटेत एकेक करून गेले. पेटीत पडले ते थोडेच. त्यांत अंगठ्याएवढी, काळ्या पट्ट्यांची एक चुणचुणीत मासळी होती, आणि एक वीतभर लांबीचा, मातकट, अंगभर ठिपके असलेला, खालचा जाड ओठ पुढे काढलेला मासा होता. विकणाऱ्या कोळणीने त्याला 'हेकरू' म्हटलं होतं. पेटीत उतरल्याबरोबर तो मधल्या शंखापुढे जाऊन ठाण मांडून बसला, आणि एकेकाकडे असा रोखून बघू लागला की खिडकीतला कोणीतरी म्हणाला, "हा तं फौजदार दिसून राह्यला बाप्पा! आता जबानी घेईन."

तेच नाव पडलं. आणि फौजदाराने पहिल्याच आठवड्यात आपला हुद्दा सिद्ध केला. बाकीचे मासे एकामागून एक नाहीसे झाले. फौजदाराचं पोट तेवढं गोल होत गेलं. उरली ती फक्त पट्ट्यांची मासळी, कारण तिने पेटीच्या कोपऱ्यातल्या दोन दगडांमधली एक फट शोधून काढली होती, आणि त्या फटीत फौजदाराचा ओठ शिरत नव्हता.

आता समुद्र आणणं वेगळं आणि नांदवणं वेगळं. पाण्यात हवा खेळली पाहिजे हे मी सायन्सच्या नात्याने सांगितलं. भाऊंनी त्या दिवसांत गावात उतरलेल्या नाटक कंपनीकडून एक मोडकी पायपेटी पैदा केली आणि तिच्या भात्याला सायकलच्या ट्यूबची नळी जोडून ती पाण्यात सोडली. दिवसा गिरणी चालू असली की इंजिनाच्या पट्ट्यावर भाता हले. गिरणी थांबली की माणसं. भाऊंकडे येणाऱ्याने, मग तो धानाचा व्यापारी असो की पोळा-पंचमीची वर्गणी मागणारा, आधी भाता मारायचा आणि मग बोलायचं. पायपेटीचा एक सूर दाबलेलाच राहिला होता, त्यामुळे भाता हलला की काळी चार वाजायची. दिवसभर त्या घरात काळी चार घुमे. कंपनीचे गवई तालमीला आले की म्हणत, "भाऊच्या घरी षड्ज शोधा नाई लागत." रात्री भाऊ भात्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून निजत, आणि त्यांना झोप लागली की बाई ती हळूच सोडून आपल्या हाताने ओढत बसत. तोंडाने मात्र म्हणत, "मले झोप नाई येत म्हून. माशाबिशासाठी नाई."

पाण्याचा खारेपणा भाऊ स्वतः तपासत. रोज सकाळी दात घासून, पूर्वेकडे तोंड करून, पेटीतलं पाणी बोटाने जिभेवर लावायचं. त्यांचं माप ठरलेलं होतं. "आज वरनावर गेलं. भाजीच्या थोडं खाली." वरणाच्या खाली गेलं तर राखीव डब्यातला समुद्र घालायचा, लोणच्याच्या वर गेलं तर विहिरीचं गोडं पाणी. सुरुवातीला पाणी आटलं की ते मीठ घालत. आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, हे पटवायला मला फळ्याखडूसकट त्यांच्या बैठकीत तास घ्यावा लागला. तास संपल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमाले पगार सरकार देते, पन कामाचे तुमी माह्याच घरी."

सगळ्यात अवघड प्रकरण होतं ते खाण्याचं. त्या कट्टर शाकाहारी घरात एकटा फौजदार मांसाहारी. त्याला तलावातले जिवंत झिंगे लागत. गावची मासेवाली ढिवरीण ते रोज सकाळी मागच्या दाराशी आणी. बाई तिला कुंपणाच्या आत पाऊल टाकू देत नसत. भाऊ झिंगे सांडशीत धरून, श्वास कोंडून, बैठकीपर्यंत पळत येत, पेटीत टाकत आणि तसेच विहिरीवर आंघोळीला जात. थंडीत ते चांगलेच काकडत. एकदा सांडशी सापडेना, तेव्हा त्यांनी देवघरातली पळी घेतली. बाईंनी ते बघितलं. पळी चुलीत घातली, लाल झाल्यावर काढली, गोमूत्रातून धुतली, आणि तीन दिवस भाऊंना वाढताना त्या प्रत्येक पदार्थाआधी नुसतं म्हणत, "पळीनं वाढू?"

फौजदाराचा स्वभाव मात्र दिवसेंदिवस भडकत चालला. काचेजवळ कोणी तोंड नेलं की तो धाडकन येऊन आपटे. लाल पागोटं दिसलं की चवताळे. लाल पागोट्याचे लोक मग बैठकीत बोडक्याने येऊ लागले. काचेला शेवाळ धरे ते पुसायला भाऊंनी एकदा हात घातला आणि बोंब ठोकली. बोटातून रक्त. आम्ही दवाखान्यात गेलो. कंपाउंडर कापूस काढत म्हणाला, "काय चावलं, भाऊ?"

"मासा."

कंपाउंडरचा हात थांबला. बाकावर जंगलाकडच्या गावचा एक माणूस बसला होता. अस्वलाने त्याचा खांदा फाडला होता, बांधलेल्या फडक्यातून रक्त वर आलं होतं. तो सारं ऐकत होता.

"केवढा होता जी?" त्याने विचारलं.

भाऊंनी वीत दाखवली. "येवढा."

त्या माणसाने वितीकडे बघितलं, मग आपल्या खांद्याकडे. थोडा विचार केला आणि बाकावर सरकून जागा करून दिली. "चावलं तं चावलं," तो म्हणाला. "बसा. आधी तुमचं होऊ द्या."

भाऊंनी अर्थातच त्याला आधी जाऊ दिलं. पण परत येताना त्यांची छाती फुगली होती. "पायलं मास्तर? अस्वलवाल्यानं बी मानलं."

उन्हाळा आला. चांद्याकडचा तो उन्हाळा. दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसतो. भाऊंनी घरातले सगळे वाळ्याचे पडदे काढून पेटीभोवती लावले. चिंब पडद्यांच्या गारव्यात फौजदार ऐटीत बसलेला आणि बाहेर आम्ही घामाने निथळत त्याला भात्याने वारा घालतो आहोत, असं ते दृश्य होतं. बाईंनी पडद्यांचा आग्रह धरला होता, हे विशेष. पण तो फौजदारासाठी नव्हता. त्या पट्ट्याच्या मासळीला त्यांनी चिंगी असं नाव ठेवलं होतं. दुपारी जेवणं झाली की त्या फटीसमोर पाटावर बसत, शिजलेल्या भाताचं एक शीत आत टाकत, आणि चिंगी अर्धी बाहेर येऊन ते टिपून परत आत पळे. एवढ्याशा कामाला त्यांना तासभर लागे. "भात खाते," त्या मला कौतुकाने सांगत. "शाकाहारी आहे बिचारी." प्रत्यक्षात चिंगी झिंग्यांचे उरलेसुरले तुकडेही चाटूनपुसून खात होती, पण ते बाईंना सांगण्याची ना भाऊंची छाती झाली ना माझी.

एके दिवशी चिंगीच्या शेपटीचा तुकडा उडालेला दिसला. बाईंनी त्या दिवशी भाऊंना जेवायला वाढलं आणि समोर बसून म्हटलं, "त्या मेल्याचं काई करा."

मग सुरू झाले उपाय. गावात ज्याला त्याला या विषयात मत होतं. वैद्यबुवांनी पेटीत डोकावून निदान केलं की पित्त आहे. सब्जाचं बी द्या. सब्जा दिला. तो फुगून पेटीभर तरंगला आणि फौजदार त्या प्रत्येक दाण्यावर स्वतंत्रपणे चिडला. नाटक कंपनीच्या मॅनेजरने सांगितलं की नटाला आरसा दिला की तो कोणाशी भांडत नाही. आरसा लावला. फौजदाराने आरशातल्या फौजदारावर असा हल्ला चढवला की त्याचा ओठ फुटला, आणि दुपारनंतर तो भाऊंकडे अशा नजरेने बघू लागला की जणू दुसरा फौजदार त्यांनीच बदली करून आणवला होता. मी सुचवलं की दगडांची जागा बदलावी. घर अनोळखी झालं की ताठा उतरेल. भाऊंनी गिरणीतल्या माणसाचा चामडी हातमोजा घालून चिंगीच्या फटीचे दोन सोडून सारे दगड इकडचे तिकडे केले. खरंच, फौजदार दोन दिवस गोंधळल्यासारखा कोपऱ्यात राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने नव्या मांडणीतली सगळ्यात चांगली जागा निवडली आणि पुन्हा कारभार हातात घेतला. ढिवरीण कुंपणापलीकडून रोज एकच उपाय सांगे. "भाऊ, एक डाव मसाला लावा. सारा राग जाते त्याचा." बाई कानावर हात ठेवत, पण हात ठेवायच्या आधी पूर्ण वाक्य ऐकून घेत, असं माझ्या लक्षात आलं होतं.

शेवटी भाऊंनी पेटीच्या मध्ये तांदळाची मोठी चाळणी उभी ठोकली. इकडे फौजदार, तिकडे चिंगी. चिंगी पहिल्यांदाच फटीतून पूर्ण बाहेर आली आणि मोकळ्या पाण्यात फिरली. बाईंनी त्या दिवशी गूळ वाटला.

चार-सहा दिवस शांततेत गेले असतील. मी शाळेतून येऊन ओट्यावर चपला काढत होतो, तेवढ्यात आतून बाईंची किंकाळी आली. धावत बैठकीत गेलो. फौजदार पाण्याबाहेर उसळी मारून चाळणीच्या वरून पलीकडे पडला होता आणि चिंगी काचेच्या कडेकडेने जिवाच्या आकांताने पळत होती. फटीची वाट फौजदाराने अडवलेली. भाऊ "सांडशी! सांडशी!" ओरडत स्वयंपाकघराकडे पळाले. आणि बाईंनी, ज्यांनी जन्मात मासळीच्या टोपलीजवळून जातानाही पदर सावरला होता, त्यांनी काकणांसकट हात कोपरापर्यंत पेटीत घातला. फौजदाराने मनगटाला कडकडून चावा घेतला. बाईंनी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी ओट्यावर उन्हात वाळत घातलेली लोणच्याची रिकामी बरणी मागितली, मी ती धावत आणून दिली, आणि त्यांनी ती पाण्यात बुडवून चिंगीला तिच्यात घेतलं. ज्या बरणीवर सावलीही चालत नसे त्या बरणीत मासळी. भाऊ सांडशी घेऊन आले ते दारातच उभे राहिले.

बाईंच्या मनगटातून रक्त येत होतं. बरणी छातीशी धरून त्या म्हणाल्या, "या घरात तो राहीन नाई तं मी राहीन. ठरवून ठेवा." आणि बरणी घेऊन आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी आंघोळ केली नाही, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं.

भाऊ माझ्या खोलीत येऊन बसले. मारणं तर शक्यच नव्हतं, बाईंच्या गळ्यात माळ. ढिवरणीला देणं म्हणजे तेच. तलावात किंवा वैनगंगेत सोडला तर गोड्या पाण्यात तो घटकाभरही जगला नसता, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "वाघ असता तं कसा सोपा होता. इथून दोन कोसावर नेऊन सोडला असता. अस्वल असतं तं दारच उघडलं असतं. आपल्या जिल्ह्यात साऱ्याले जागा आहे. एका माशाले जागा नाई!"

"मग मुंबईला न्यावा लागेल," मी गमतीने म्हणालो. मी दुसऱ्यांदा चुकलो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. मी भाता मारायला, म्हणजे खरं तर सायकलचा पंप मारायला. बाई आल्या त्याचं कारण त्यांनी स्टेशनवर सगळ्यांसमोर सांगितलं. "हे एकटे गेले तं परत येतानी आनखीन काई घेऊन येतीन." चिंगी परत पेटीत गेली होती आणि भाता शेजारणीच्या स्वाधीन केला होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दुधाचा कॅन मधे ठेवून आम्ही भोवती बसलो. नागपूरपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाने पंप मारला. वर्ध्याला चढलेल्या एका पहिलवानाने तर भुसावळपर्यंत कोणाला हातच लावू दिला नाही. मात्र कॅनमध्ये काय आहे म्हणून जो जो डोकावे तो तो दचकून मागे होई, आणि भाऊ अभिमानाने सांगत, "चावते. सांभाळून."

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. फौजदार गेल्यावर चिंगी धीट झाली. इतकी धीट, की वर्षभरात तिने पेटीतला एकेक दगड आपल्या नावावर केला आणि काचेपाशी बोट नेणाऱ्यावर धावून जाऊ लागली. तिने भाऊंना दोनदा चावलं. बाई म्हणत, "लेकराले राग येते कधी कधी. तुमी काऊन छेडता?" एका पावसाळ्यात ती गेली. बाईंनी तिला तुळशीजवळ पुरलं आणि त्या दिवशी घरात भात शिजला नाही. मग माझी बदली चांद्याला झाली. अधूनमधून भाऊ येत, बाजारातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात माझी चौकशी करत, आणि एखादा नवा बेत सांगत. मी हसत नसे. शहाणा झालो होतो. पुढे ते गेल्याचं कळलं तेव्हा मी वडशाला गेलो. बाई ओट्यावर बसल्या होत्या. आता त्याही नाहीत.

पण मला भाऊ आठवतात ते मुंबईच्या त्या किनाऱ्यावरचे. ओहोटी होती. काळे खडक उघडे पडले होते. एक कोळीण कॅनमध्ये डोकावून हसली. "दादा, हा तर रश्श्याचा! सोडताय काय?" भाऊ म्हणाले, "आमचा आहे," आणि धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरले. बाई वाळूच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला होता, आणि त्या नुसत्या बघत होत्या. एक लाट येऊन त्यांच्या पावलांवरून गेली तेव्हा त्यांनी वाकून पाण्याला हात लावून नमस्कार केला.

भाऊंनी कॅन आडवा केला. पाणी आत गेलं, बाहेर आलं. फौजदार हलेना. तो बुडाशी चिकटून बसला होता, आपला जाड ओठ पुढे काढून. "जा ना," भाऊ म्हणाले. "घर आलं तुहं. जा." तरी तो जाईना. मग भाऊंनी हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटातून रक्त आलं होतं. आणि कॅनच्या तोंडातून एक मातकट सावली निघून खडकांच्या मधल्या हिरव्या पाण्यात गेली. कुठे गेली ते कळलंही नाही.

"चावला," भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवलेल्या बापासारखा झाला होता.

मी म्हटलं, "चला, निघू या."

ते कॅन घेऊन एका खडकावर बसले. बराच वेळ गेला. किनाऱ्यावर माणसं येत-जात होती, कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "वडशाले तो फौजदार होता. सारं गाव त्याले भेत होतं. इथी येवढ्या पान्यात त्याले कोन पुसते?"

भरती सुरू झाली होती. पाणी खडकाला लागलं, मग भाऊंच्या धोतराच्या काठाला. बाई जवळ आल्या. मनगटावर चाव्याचा वण होता त्याच हाताने त्यांनी भाऊंच्या खांद्याला स्पर्श केला. चारचौघांत तसं करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "ओले होऊन राह्यले तुमी."

"थांब वं थोडं," भाऊ म्हणाले. कॅनचं तोंड त्यांनी पाण्याकडे करून धरलं होतं. "परत आला तं?"

बाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या त्यांच्या शेजारी खडकावर बसल्या. मग मीही बसलो.